मलिक अंबर : गुलामीतून नगरसंस्थापनेकडे

काही वर्षांपूर्वी विद्यालयाच्या शैक्षणिक सहलीत वेरूळ आणि अजिंठा पाहून आम्ही आजच्या छत्रपती संभाजीनगर शहरात आलो. नागसेनवनात जाऊन मिलिंद महाविद्यालयाचा परिसर पाहिला आणि भडकल दरवाज्याजवळील डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पुतळ्यास पुष्पहार अर्पण केला. विद्यार्थी रांगेने गाडीकडे परतू लागले, तेव्हा आठवीतील एका मुलाने मागे वळून त्या भव्य कमानीकडे बोट दाखविले आणि विचारले, "सर, हा दरवाजा कोणी बांधला?"

"मलिक अंबराने."

"तो कुठला?"

"आफ्रिकेतला. लहानपणी गुलाम म्हणून विकला गेलेला."

मुलगा क्षणभर थांबला. मग म्हणाला, "गुलामाला दरवाजा बांधू कोणी दिला, सर?"

इतिहासाच्या अध्यापनात इतकी वर्षे घालवूनही असा नेमका प्रश्न क्वचितच कानी येतो. अंबराचा जन्म, लढाया, मृत्यू हे सारे मला सांगता आले असते. परंतु मुलाने विचारले होते ते निराळेच. एखाद्या माणसाला वर येण्याची वाट कोण देते आणि कोण अडविते, असा तो प्रश्न होता. गाडीतील गोंगाटात त्याचे उत्तर पुरे होण्यासारखे नव्हते. या स्मरणिकेच्या निमित्ताने ते देण्याचा हा प्रयत्न आहे.

हबसाणातून दख्खनकडे

मलिक अंबराचा जन्म इ.स. १५४८ च्या सुमारास अबिसीनियात, म्हणजे आजच्या इथिओपियात झाला. त्याचे मूळ नाव चापू. आपल्याकडे त्या देशाला हबसाण आणि तेथून आलेल्यांना हबशी म्हणत. बालपणीच तो गुलामांच्या व्यापाऱ्यांच्या हाती सापडला आणि तांबडा समुद्र ओलांडून अरबस्तानच्या बाजारात विकला गेला. हातोहात विकला जात तो बगदादच्या मीर कासिम नावाच्या व्यापाऱ्याकडे पोहोचला. येथे त्याच्या आयुष्याला पहिले वळण मिळाले. मीर कासिमने या मुलाची बुद्धी ओळखली, त्याला शिक्षण दिले, हिशेब आणि कारभार यांची ओळख करून दिली, इस्लामची दीक्षा देऊन 'अंबर' हे नाव ठेवले. अंबर म्हणजे समुद्रातून मिळणारा मौल्यवान सुगंधी पदार्थ.

सोळाव्या शतकाच्या आठव्या दशकाच्या प्रारंभी हा तरुण दख्खनमध्ये आणला गेला. अहमदनगरच्या निजामशाहीचा पेशवा चंगेजखान याने त्याला विकत घेतले. चंगेजखान हा स्वतःही एकेकाळचा हबशी गुलाम होता आणि त्याच्या पदरी सुमारे एक हजार हबशी गुलाम होते, असे सांगतात. दख्खनच्या सुलतानांना हबशी सैनिक हवे असत, यामागे एक राजकीय हिशेब होता. स्थानिक सरदारांचे नातेगोते, वतने आणि वैरे असत. दूरदेशीच्या गुलामाला यांपैकी काहीच नसे. त्याची निष्ठा धन्याशीच राहील, ही अपेक्षा असे. म्हणून त्याला शस्त्र दिले जाई, घोडा दिला जाई, आणि अंगी गुण असतील तर अधिकारही दिला जाई. दिल्लीचे कुतुबुद्दीन ऐबक व अल्तमश हे सुलतान आणि इजिप्तचे ममलूक राज्यकर्ते याच परंपरेतून पुढे आले होते.

या गुलामगिरीचे कौतुक करण्याचे कारण नाही. आईच्या कुशीतून ओढून काढलेले मूल बाजारात उभे करणे हे क्रौर्यच होय. एका अंबराचे नाव इतिहासात राहिले. त्याच्याबरोबर विकल्या गेलेल्या असंख्य मुलांची नावे कोणीही लिहून ठेवली नाहीत. अंबराच्या उत्कर्षाची कहाणी वाचताना ही दुसरी, न लिहिलेली यादीही डोळ्यांसमोर असावी.

कोसळलेले राज्य उभे केले

चंगेजखानाच्या मृत्यूनंतर त्याच्या विधवेने अंबराला मुक्त केले. इ.स. १६१७ मध्ये अंबराच्या छावणीत जाऊन त्याला भेटलेला डच व्यापारी पीटर व्हान डेन ब्रुक याने ही हकीकत नोंदविली आहे. मुक्त झालेला अंबर पुढील सुमारे वीस वर्षे शिपाईगिरी करीत राहिला. काही काळ त्याने विजापूरच्या आदिलशाहीत चाकरी केली आणि तेथे 'मलिक' हा किताब मिळविला. इ.स. १५९५ च्या सुमारास तो आपल्या दीडशे स्वारांसह पुन्हा निजामशाहीत आला.

तो काळ निजामशाहीच्या अंताचा होता. अकबराच्या फौजांनी अहमदनगरला वेढा घातला होता. चांदबिबीने किल्ला शौर्याने लढविला, परंतु इ.स. १६०० मध्ये आपल्याच लोकांच्या हातून तिचा घात झाला आणि किल्ला मोगलांच्या ताब्यात गेला. सुलतान कैद झाला. राजधानी गेली, राजा गेला, म्हणजे राज्य संपले, असे कोणालाही वाटले असते. अंबराला तसे वाटले नाही. त्याने निजामशाही घराण्यातील एक तरुण वारस शोधून काढला, परांडा येथे त्याला मुर्तजा निजामशहा म्हणून गादीवर बसविले आणि आपली कन्या देऊन संबंध दृढ केला. पुढे पाव शतक राज्याचा सर्व कारभार अंबराच्या हाती राहिला. तो स्वतः कधीही तख्तावर बसला नाही.

मोगलांच्या प्रचंड फौजेशी समोरासमोर झुंज घेणे त्याला शक्य नव्हते. म्हणून त्याने दख्खनच्या डोंगरदऱ्यांनाच आपले शस्त्र केले. चपळ घोडदळाने शत्रूची रसद तोडायची, त्याला आडवाटेला खेचायचे, रात्री छापे घालायचे आणि पाठलाग होताच पांगायचे, ही त्याची युद्धपद्धती. या घोडदळात मराठे मोठ्या संख्येने होते. इ.स. १६१० च्या सुमारास विल्यम फिंच या इंग्रज व्यापाऱ्याने अंबराच्या सैन्यात दहा हजार हबशी आणि चाळीस हजार दख्खनी लोक असल्याचे नमूद केले आहे. ज्याला आपण गनिमी कावा म्हणतो, त्याचा मोठा सराव महाराष्ट्राच्या भूमीवर या काळात झाला.

इ.स. १६२४ मध्ये अहमदनगरजवळ भातवडी येथे मोगल आणि आदिलशाही यांच्या संयुक्त फौजेशी त्याची गाठ पडली. अंबराने तेथील तलावाचा बांध फोडून शत्रूच्या वाटेवर चिखल व पाणी केले आणि त्या दोन्ही सत्तांचा पराभव केला. त्या वेळी त्याचे वय पंचाहत्तरीच्या पुढे होते. या लढाईत तरुण शहाजीराजे त्याच्या बाजूने लढले आणि त्यांचे बंधू शरीफजी धारातीर्थी पडले. पुढे इ.स. १६३३ नंतर शहाजीराजांनी निजामशाहीच्या एका बालवारसाला गादीवर बसवून स्वतः कारभार चालविला. ही युक्ती त्यांनी कोणाकडे पाहिली होती, हे सांगावयास नको. शिवकालात रचलेल्या 'शिवभारत' या संस्कृत काव्यातही अंबराचा उल्लेख आदराने येतो.

खडकी आणि तिचे पाणी

इ.स. १६१० मध्ये अंबराने खाम नदीच्या काठी, खडकी नावाच्या लहानशा गावाच्या जागी नवी राजधानी वसविली. हेच पुढचे औरंगाबाद, आजचे छत्रपती संभाजीनगर. इ.स. १६१२ मध्ये मोगलांवरील विजयाच्या स्मरणार्थ त्याने भडकल दरवाजा उभारला. इ.स. १६१६ मध्ये रोशनगावच्या लढाईत अंबराचा पराभव झाला आणि मोगल सेनापती शाहनवाजखानाने खडकीत शिरून शहर जाळले. वृद्धत्वाकडे झुकलेल्या अंबराने ते पुन्हा उभे केले.

परंतु त्याचे खरे स्थापत्य दरवाज्यात किंवा महालात नसून जमिनीच्या पोटात आहे. शहर वसवावयाचे तर पाणी हवे, आणि खडकीचा प्रदेश कोरडा. अंबराने उत्तरेकडील डोंगराच्या पायथ्याचे भूगर्भातील पाणी भुयारी मार्गाने शहरात आणले. हीच 'नहर-ए-अंबरी'. तिचे तत्त्व साधे आहे. उंचावरील झिरपणारे पाणी एका भुयारात गोळा करावयाचे, भुयाराला बेताचा उतार द्यावयाचा आणि पाणी स्वतःच्या ओघाने शहरापर्यंत पोहोचू द्यावयाचे. मोट नको, रहाट नको. भुयारात हवा खेळावी आणि गाळ काढता यावा, म्हणून ठरावीक अंतरावर वर उघडणारी विहिरीसारखी तोंडे ठेवलेली असतात. पाणी जमिनीखालून वाहत असल्यामुळे उन्हाने आटत नाही. उतार थोडा अधिक झाला तर पाण्याचा वेग वाढून भुयार खचते, थोडा कमी झाला तर गाळ साचतो; यावरून त्या काळच्या मोजणीची सूक्ष्मता लक्षात येईल. इराण आणि अरब जगतात ही पद्धत 'कनात' म्हणून प्राचीन काळापासून प्रचलित होती. ज्याचे तारुण्य बगदादेत गेले, त्याने दख्खनच्या कोरड्या भूमीला ती दिली.

पावसाळ्यात डोंगरकडे धबधब्यांनी भरून जातात आणि मार्च उजाडताच विहिरी तळ गाठतात, हे आपण वैभववाडीकर दरवर्षी अनुभवतो. पाऊस पडणे आणि पाणी असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. दुसरी गोष्ट माणसाला घडवावी लागते. ती घडविणारा तोच नगराचा खरा संस्थापक.

मलिकंबरी धारा

अंबराची दुसरी कामगिरी जमीन महसुलाची. त्याच्यापूर्वी महसूल मक्त्याने देण्याची रीत होती. मक्तेदार सरकारात ठरलेली रक्कम भरी आणि रयतेकडून मिळेल तेवढे ओरबाडी. अंबराने मक्ता बंद केला, जमिनीची प्रतवारी लावली आणि प्रत्यक्ष लागवडीच्या मानाने सारा ठरविला. आधी तो धान्यात घेतला जाई. काही वर्षांच्या पिकांचा अनुभव जमेस धरून पुढे त्याचे रोख रकमेत रूपांतर करण्यात आले. ही पद्धत इतकी रुजली की, तिला 'मलिकंबरी' हे नावच पडले आणि त्याच्या मृत्यूनंतरही मराठी मुलखाच्या कारभारात ते टिकून राहिले. ज्याच्या नावाने शेतसारा ओळखला जातो, त्याला परका तरी कसे म्हणावे?

तथापि, इतिहासाच्या अभ्यासकाने येथे थांबून दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. मोडकळीस आलेली गावे अंबराने पुन्हा बसविली, ती वतन आणि मिरास यांच्या आधाराने. पाटील, कुलकर्णी, मिरासदार यांचे वंशपरंपरागत हक्क त्याने मान्य केले. त्यामुळे रयतेला स्थैर्य मिळाले, हे खरे. पण ज्या गावगाड्याला स्थैर्य मिळाले, त्यात वेशीबाहेरचा माणूसही वेशीबाहेरच स्थिर झाला. जन्माच्या बेडीतून स्वतः सुटलेल्या या थोर प्रशासकाने गावातील जन्माच्या उतरंडीला हात लावला नाही.

बादशहाचा बाण

जहांगीर बादशहाला अंबराचा पराभव करणे अखेरपर्यंत साधले नाही. तात्पुरते विजय मिळाले, तह झाले, पण अंबर पुन्हा उभा राही. आपल्या आठवणींत बादशहा त्याच्या रंगावरून त्याला हिणवितो. त्याने अबुल हसन या दरबारी चित्रकाराकडून एक चित्र काढवून घेतले. त्यात जहांगीर पृथ्वीच्या गोलावर उभा असून भाल्यावर खोचलेल्या अंबराच्या मस्तकावर बाण सोडीत आहे. हे चित्र आज आयर्लंडमधील डब्लिन येथील संग्रहालयात आहे. जे रणांगणात साधले नाही, ते बादशहाने कागदावर साधून घेतले. माणसाच्या कर्तृत्वाला उत्तर नसले की, त्याचा रंग, जन्म, कूळ काढले जाते. हा अनुभव केवळ सतराव्या शतकातील नव्हे, हे या वाचकांना निराळे सांगण्याची गरज नाही.

मे १६२६ मध्ये, सुमारे ऐंशीव्या वर्षी, अंबराचे निधन झाले. खुलदाबाद येथे त्याची कबर आहे. विशेष असे की, जहांगीराच्याच दरबारातील इतिहासकार मुतमदखान याने या शत्रूच्या युद्धकौशल्याची, न्यायबुद्धीची आणि कारभाराची मोकळ्या मनाने प्रशंसा केली आहे.

एका माणसावर उभे राहिलेले राज्य

अंबरानंतर त्याचा पुत्र फतेहखान कारभारी झाला. पित्याची सत्ता मिळाली, योग्यता मिळाली नाही. त्याने आपल्याच सुलतानाचा जीव घेतला आणि इ.स. १६३३ मध्ये दौलताबादचा किल्ला मोगलांच्या स्वाधीन केला. इ.स. १६३६ मध्ये निजामशाही संपली. पंचवीस वर्षे मोगलांना थोपवून धरणारे राज्य संस्थापकाच्या मागे दहा वर्षांत नामशेष झाले.

याचे कारण शोधणे हा या लेखाचा महत्त्वाचा भाग आहे. अंबराने राज्य वाचविले, पण त्याच्या पश्चात राज्य वाचवील अशी संस्था निर्माण केली नाही. गुणावर वर आलेल्या माणसाने आपला अधिकार मात्र जन्माच्या नात्याने पुढे दिला. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेतील आपल्या अखेरच्या मोठ्या भाषणात बाबासाहेबांनी व्यक्तिपूजेविषयी जो इशारा दिला, त्याचे मर्म अशा उदाहरणांतून उमगते. थोर पुरुष राज्य उभारू शकतो. ते टिकविण्याचे काम कायदा, संस्था आणि जागृत नागरिक यांचेच असते.

प्रश्नाचे उत्तर

आता त्या मुलाच्या प्रश्नाकडे वळू. गुलामाला दरवाजा बांधू कोणी दिला?

बाबासाहेबांनी गुलामगिरी आणि अस्पृश्यता यांची तुलना करून एक कठोर निष्कर्ष मांडला आहे. गुलामगिरी अमानुष असली, तरी गुलामाला शिकविण्यात धन्याचा स्वार्थ असे. म्हणून रोमन साम्राज्यात गुलाम शिक्षक झाले, कारभारी झाले आणि मुक्तही झाले. अस्पृश्यतेत ती फटही नव्हती. अस्पृश्य कोणाची मालमत्ता नव्हता, म्हणून त्याला जगविण्याची जबाबदारी कोणावर नव्हती. आणि त्याने शिकू नये, यातच व्यवस्थेचा स्वार्थ होता.

मलिक अंबर हे या विचाराचे आपल्या मातीतील उदाहरण आहे. सात समुद्रांपलीकडून आलेला, भाषा न जाणणारा, विकला गेलेला हबशी या भूमीवर पेशवा होऊ शकला, नगर वसवू शकला, कारण कोणीतरी त्याच्या हाती लेखणी आणि तलवार दिली होती. त्याच काळात याच भूमीवर पिढ्यान् पिढ्या राहणाऱ्या माणसाला या दोन्ही गोष्टींपासून दूर ठेवण्यात आले. परदेशी गुलाम या देशाचा झाला. देशीचा माणूस गावाचाही होऊ शकला नाही. अंबराच्या नहरीनंतर तीनशे वर्षांनी, २० मार्च १९२७ रोजी, याच महाराष्ट्रात महाडच्या चवदार तळ्याचे ओंजळभर पाणी घेण्यासाठी हजारो माणसांना सत्याग्रह करावा लागला. आणि अंबराने ज्या वतनव्यवस्थेच्या आधाराने गावे बसविली, तिच्यातील महार वतनाच्या वेठीविरुद्ध बाबासाहेबांनी इ.स. १९२८ मध्ये मुंबई विधिमंडळात विधेयक आणले.

म्हणून त्या मुलाला माझे उत्तर असे : अंबराला दरवाजा बांधू दिला तो त्याला मिळालेल्या शिक्षणाने आणि संधीने. त्याच्या अंगी गुण होते; पण गुण तर न लिहिलेल्या त्या यादीतील मुलांच्या अंगीही असतील. फरक संधीचा होता. अंबराला ती धन्याच्या मर्जीने मिळाली. मर्जी आज असते, उद्या नसते. तुला जी संधी मिळाली आहे, ती कोणाच्या मर्जीची नाही. ती तुझा हक्क आहे आणि तो संविधानाने लिहून दिलेला आहे.

बाबासाहेबांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटीचे महाविद्यालय इ.स. १९५० मध्ये सुरू केले, ते अंबराने वसविलेल्या याच शहरात. त्याची कोनशिला १ सप्टेंबर १९५१ रोजी राष्ट्रपती डॉ. राजेंद्र प्रसाद यांच्या हस्ते बसविण्यात आली. महाविद्यालयास नाव दिले 'मिलिंद'. मिलिंद म्हणजे ग्रीक वंशाचा राजा मिनँडर, तोही परदेशी रक्ताचा. भदंत नागसेनांना निर्भयपणे प्रश्न विचारणारा आणि उत्तर पटल्यावर प्रामाणिकपणे मान्य करणारा. आपल्या विद्यार्थ्यांपुढे बाबासाहेबांनी आदर्श ठेवला तो प्रश्न विचारणाऱ्याचा.

आपल्या वसतिगृहात येणारी मुले वाड्यावस्त्यांवरून, घाटाच्या वरून आणि खालून येतात. काहींचे आईवडील मुंबईत पोटासाठी राबत आहेत. पहिल्या रात्री पांघरुणात तोंड खुपसून रडणारे मूल मी अनेकदा पाहिले आहे. परक्या ठिकाणी आल्याची ती भावना खोटी नसते. परंतु माणूस एखाद्या ठिकाणचा होतो तो तेथे जन्मल्यामुळे नव्हे, तर तेथे त्याने काय उभे केले यामुळे. खडकीचे नाव पुढे अनेकदा बदलले. अंबराच्या नहरीतून पाणी मात्र त्यानंतरही शतकानुशतके त्याच शहराकडे वाहत राहिले.

भडकल दरवाज्याजवळ प्रश्न विचारणारा तो विद्यार्थी आज स्थापत्य अभियांत्रिकीचे शिक्षण घेत आहे. दरवाजे बांधू देण्यासाठी आता त्याला कोणाची परवानगी मागावी लागणार नाही.